पुढच्या चाकांचा कल आणि तो बदलणारे सुटे भाग

मोटारीच्या समोर उभे राहून तिच्या पुढच्या चाकांकडे पाहिले, तर ती जमिनीशी अगदी काटकोनात उभी आहेत असे वाटते. ओळंबा लावून पाहिला तर मात्र बहुधा तसे आढळत नाही. चाकाचा माथा थोडासा आत, गाडीच्या मध्याकडे झुकलेला असतो, किंवा थोडासा बाहेर. ह्या कलाला मोटारशास्त्रात कॅम्बर म्हणतात. माथा आत झुकला असेल तर ऋण कॅम्बर, बाहेर झुकला असेल तर धन कॅम्बर. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ कमान किंवा फुगवटा असा आहे, आणि रस्ता मध्ये उंच व कडांना उतरता असतो त्या फुगवट्यालाही तोच शब्द लावतात. जुन्या मोटारींना धन कॅम्बर ठेवीत. त्याने स्टिअरिंग हलके होई आणि फुगीर रस्त्यावर चाक नीट बसे. आज जोराने वळणे घेणाऱ्या गाडीला नेमके उलट हवे असते.

विषय वरकरणी फार अरुंद आहे हे आम्ही जाणतो. एकदोन अंशांचा प्रश्न, आणि तोही स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या मूठभर हौशी माणसांचा! परंतु ताशी दीडशे किलोमीटर वेगाने वळणात शिरलेली गाडी वळते की सरळच जाते, हे ह्या एकदोन अंशांवर पुष्कळसे अवलंबून असते. शिवाय ह्या गाड्या शर्यतीच्या नसतात. मनुष्य ज्या गाडीतून सकाळी घरून निघतो, त्याच गाडीतून दिवसभर ट्रॅकवर फेऱ्या मारतो आणि संध्याकाळी त्याच टायरांवर, कदाचित पावसातून, कुटुंबाकडे परत येतो. यालाच ट्रॅक-डे म्हणतात. शर्यतीच्या गाडीला जो भाग उत्तम, तो ह्या गाडीला उत्तम असेलच असे नाही, हा आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

उदाहरणासाठी आम्ही एक ठिकाण व एक गाडी निवडली आहे. ठिकाण जर्मनीतील आयफेल डोंगराळ प्रदेशातले न्यूर्बुर्गरिंग. तेथील नॉर्डश्लाइफ हा १९२७ साली खुला झालेला वळणावळणांचा मार्ग आजही २०.८ किलोमीटर लांबीचा आहे, आणि ठरावीक वेळी पैसे भरून कोणालाही आपली गाडी तेथे नेता येते. गाडी पोर्शे केमन, २००५ साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीची, कारखान्याच्या भाषेत ९८७. तुलनेसाठी अधूनमधून २०१२ साली आलेल्या टोयोटा जीटी ८६ चा उल्लेख येईल. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या बाजूस मॅकफर्सन स्ट्रटची रचना आहे, आणि तरीही दोहोंचे उत्तर एक नाही.

आता मूळ कारणाकडे वळू. आपला तळहात टेबलावर सपाट ठेवून दाबा. सगळा पंजा टेबलाला टेकतो. मग मनगट करंगळीच्या बाजूला कलंडा. आता सगळा भार करंगळीवर येतो आणि अंगठ्याकडची बाजू उचलली जाते. वळण घेताना टायरचे असेच होते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचे धड डावीकडे कलते, वजन डाव्या चाकांवर जाते, आणि डावे पुढचे चाक धडाबरोबर बाहेर कलून टायरच्या बाहेरच्या कडेवर उभे राहते. ज्या क्षणी त्या चाकाने सर्वांत जास्त पकड द्यायची, त्याच क्षणी रबराची अर्धी रुंदी बेकार असते. परिणाम दोन: गाडीचे नाक वळणाबाहेर सरकते, आणि टायर बाहेरच्या कडेने खातो. दोनचार ट्रॅक-डे झाल्यावर मधली नक्षी जवळजवळ नवी आणि बाहेरची कड गुळगुळीत, असा टायर टाकून देण्याची पाळी येते. चाक उभे असतानाच थोडे आत झुकवून ठेवले, तर वळणात बाहेर कलल्यावर ते सरळ होते. ऋण कॅम्बरचे सारे तत्त्व एवढेच.

चाक धडाबरोबर किती कलते, हे सस्पेन्शनच्या रचनेवर ठरते. अर्ल मॅकफर्सन ह्या अमेरिकन इंजिनिअरची रचना १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल व झेफर ह्या गाड्यांनी प्रचारात आणली. खाली एकच आडवा आर्म, वर स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब, तोच स्ट्रट. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. आपल्या रस्त्यांवर १९८३ साली आलेल्या मारुती ८०० लाही पुढे हेच स्ट्रट होते. लाखो संसारी गाड्यांना पुरेशी असलेली ही रचना जोरदार वळणात मात्र कंजूष ठरते. समजा, गाडीचे धड ३ अंश कलले. स्प्रिंग दबताना स्ट्रट त्यांतला जेमतेम एखादा अंश परत मिळवून देतो. उरलेले २ अंश चाक बाहेर कलतेच. दोन त्रिकोणी आर्मांची, म्हणजे डबल विशबोनची, रचना याहून उदार असते, कारण तिचा वरचा आर्म आखूड ठेवून चाक दबताना आत ओढून घेता येते.

तेव्हा स्ट्रटच्या गाडीला उभ्या स्थितीत दोन-अडीच अंश ऋण कॅम्बर हवा, हे हिशेबानेच आले. साध्या रस्त्याच्या टायरवर ट्रॅक-डे करणारे अनुभवी लोक दोन ते अडीच अंश ठेवतात. मऊ, निमशर्यती टायरवर अडीच ते तीन किंवा थोडे अधिक. कारखान्यातून बाहेर पडणारी केमन मात्र शून्याच्या अगदी जवळपास असते, आणि स्ट्रटच्या माथ्यावरील भोके लांबट असल्याने जी सवड मिळते ती साधारण एका अंशाच्या आसपास संपते. कारखान्याला दोष देण्याचे कारण नाही. त्यांना टायर चाळीस हजार किलोमीटर टिकवायचे असतात, आणि नवशिका चालक घाबरून स्टिअरिंग जास्त फिरवील तेव्हा गाडी गरकन् फिरण्यापेक्षा पुढे सरकलेली बरी, असे त्यांचे धोरण असते.

मग चार अंश का नकोत? कारण गाडी नेहमी वळणात नसते. सरळ रस्त्यावर जोराचा ब्रेक लावताना दोन्ही पुढची चाके आतल्या कडेवर उभी राहतात, पकड कमी होते आणि ती कड तापते. रस्त्यावरच्या चरांच्या मागे गाडी ओढ घेऊ लागते. ओल्या रस्त्यावर हे सगळे अधिक जाणवते. आतली कड खराब झाली तर ती सहजासहजी दिसतही नाही. गाडी जॅकवर घेतल्यावर तार बाहेर आलेली आढळते.

किती अंश हवेत हे दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवू नये, आपल्या टायरला विचारावे. ट्रॅकवरून आल्याबरोबर टायरच्या रबरात सुईचा तापमापक खुपसून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी तापमान घ्यावे. दुरून किरणांनी मोजणारे पिस्तुल येथे फसवते, कारण रबराचा पृष्ठभाग क्षणात थंड होतो. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंश सेल्सिअसने गरम असेल तर कल ठीक आहे. बाहेरची कड जास्त गरम असेल तर ऋण कॅम्बर कमी पडतो आहे. मध्य जास्त किंवा कमी असेल तर तो हवेच्या दाबाचा प्रश्न आहे, कॅम्बरचा नव्हे. नॉर्डश्लाइफला ह्या पद्धतीचा एक घोटाळा होतो. तेथे बाहेर पडण्याची जागा ड्योटिंगर ह्योहे ह्या लांबलचक सरळ पट्ट्यावर आहे. वळणे संपून गाडी थांबेपर्यंत बाहेरची कड निवालेली असते, आणि झुकलेल्या चाकाची आतली कड सरळ पट्ट्यावर उगाच तापलेली. म्हणून अशा ठिकाणी तापमानापेक्षा दिवसाच्या शेवटी झालेल्या झिजेवर अधिक विश्वास ठेवावा.

ह्या तपासणीनंतर, आणि हवेचा दाब व कारखान्याची मूळ सवड वापरून झाल्यावरच, सुटे भाग विकत घेण्याचा विचार करावा. कित्येक जण हा क्रम उलटा करतात.

कल बदलण्याच्या जागा तीनच: स्ट्रटचा माथा आत ओढा, खालचा आर्म लांब करून चाकाचे बूड बाहेर ढकला, किंवा मध्ये, जेथे स्ट्रट चाकाच्या ओतीव नकलीला जोडलेला असतो, तेथे कोन मोडा. बाजारातले बहुतेक सगळे भाग ह्या तिहींत बसतात. त्यांच्यातला फरक जाहिरातीतून कळत नाही, पण शाळेतल्या भूमितीतून कळतो. स्ट्रटचा माथा आणि खालचा बॉल जॉइंट यांत समजा ६०० मिलिमीटर अंतर आहे. एक अंशासाठी माथा सुमारे साडेदहा मिलिमीटर आत सरकावा लागतो. किंवा आर्म तेवढाच लांब करावा लागतो. आता मधला जोड पाहा. तेथे दोन बोल्ट असतात आणि त्यांच्यातले अंतर समजा ६० मिलिमीटर. तेथे एक अंशाला लागतो केवळ एक मिलिमीटर. म्हणजे माथ्यावर एक मिलिमीटर घसरण झाली तर कल दशांशाने बदलेल, आणि मधल्या जोडात तेवढीच झाली तर पुरा अंश जाईल. एकाच बाजूचा पुरा अंश गेला, तोही वळणात, तर काय होईल हे सांगायला नको.

मधल्या जोडाचा भाग म्हणजे कॅम बोल्ट. मूळ बोल्टाच्या जागी थोडा बारीक, एका बाजूला फुगवटा असलेला बोल्ट घालतात. तो फिरवला की नकल कलते. सर्वांत स्वस्त, एका दुपारी बसणारा. जीटी ८६ ला तो बसतो. परंतु लक्षात घ्या, कल टिकतो तो त्या फुगवट्यामुळे नव्हे. बोल्ट घट्ट आवळल्याने दोन पत्र्यांमध्ये जे घर्षण निर्माण होते त्यामुळे. बोल्ट बारीक झाला की आवळण्याची ताकद कमी, आणि ट्रॅकवरच्या कडेच्या उंचवट्यांचे धक्के मात्र अधिक. शिवाय येथे चाक स्ट्रटच्या संदर्भात कलत असल्याने टायरचा वरचा भाग स्ट्रटच्या जवळ येतो; रुंद टायर घातला असेल तर घासू लागतो. एका बाजूला एकच कॅम बोल्ट, चांगल्या उत्पादकाचा, टॉर्क पान्याने नेमून दिलेल्या मापाला आवळलेला, आणि बोल्टाच्या डोक्यापासून नकलीपर्यंत रंगाची एक रेघ ओढलेली, म्हणजे तो फिरला तर रेघ तुटलेली दिसेल, एवढे केले तर पहिली पायरी म्हणून आमची हरकत नाही. दोन्ही भोकांत कॅम बोल्ट घालून अंश वाढवणे आम्हाला पसंत नाही. केमनच्या मालकाला हा मोह होणारच नाही, कारण तिच्यात स्ट्रट नकलीच्या गोल खोबणीत उभा बसून आवळला जातो. तेथे दोन बोल्टांचा जोडच नाही.

माथ्याचा भाग म्हणजे कॅम्बर प्लेट. स्ट्रटच्या डोक्यावर कारखान्याने रबराचे बैठे माउंट दिलेले असते. ते काढून तेथे खाचा असलेली धातूची प्लेट आणि तिच्यात गोलक बेअरिंग बसवतात. खाचांतून माथा आत-बाहेर सरकतो, बॉनेट उघडून पान्याने. शर्यतवाल्यांचा हा लाडका भाग आहे आणि त्याचे कारण योग्य आहे: बदल पटकन होतो, आणि रबराचे दबणे गेल्याने स्टिअरिंगचे उत्तर अचूक येते. पण ते रबर उगीच नव्हते. ते गेले की रस्त्याचा प्रत्येक खडा धडात ऐकू येतो. बेअरिंगमध्ये धूळ व पाणी शिरते, आणि एकदोन पावसाळ्यांत ते खडखडू लागते. म्हणून काही उत्पादक स्प्रिंगचा भार रबरावर ठेवून फक्त शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा गोलकात धरतात. रस्त्याच्या गाडीला प्लेट घ्यायचीच तर ह्या जातीची घ्यावी. आणखी दोन गोष्टी खरेदीपूर्वी मोजाव्यात. एक, प्लेटची जाडी. ती मूळ माउंटपेक्षा वेगळी असेल तर गाडीची उंची बदलते. दुसरी, स्प्रिंगचा व्यास. कारखान्याची स्प्रिंग रुंद असते, आणि माथा आत सरकवताना तिची वरची वाटी धडाच्या भोकाच्या कडेला अडते. जाहिरातीत तीन अंश लिहिलेले असतात ते अरुंद स्प्रिंगच्या हिशेबाने. मूळ स्प्रिंगवर त्यांतले निम्मेही पदरात पडले तर नशीब.

खालचा मार्ग केमनच्या बाबतीत फार सोयीचा आहे, आणि त्याला थोडा इतिहास आहे. पोर्शेने १९९९ च्या ९११ जीटी ३ ह्या गाडीला दोन तुकड्यांचे खालचे आर्म दिले. दोन तुकड्यांमध्ये धातूच्या चकत्या, म्हणजे शिम, घालायच्या. जितकी जाडी तितका आर्म लांब. ह्याच धर्तीचे आर्म केमनला बसतात. चाकाचे बूड बाहेर जाते, कल ऋण होतो, आणि जाता जाता दोन चाकांमधले अंतरही वाढते. पुढच्या पकडीला त्याचा थोडा लाभच होतो. माथ्यावरचे रबर जागच्या जागी राहते. मुख्य म्हणजे येथे घसरण्यासारखे काहीच नाही: चकत्यांची जाडी हेच माप, आणि ती जाडी धक्क्याने बदलत नाही. तोटेही सांगितले पाहिजेत. ट्रॅकवर उभ्याउभ्या बदल करता येत नाही. गाडी उचलून आर्म खोलावा लागतो. चाक बाहेर गेल्याने मडगार्डच्या कडेशी अंतर तपासावे लागते. आणि आर्मच्या आतल्या टोकाला कडक गोलक घेतला तर प्लेटचाच खडखडाट खालून सुरू होतो. रस्त्यासाठी रबरी बुश असलेला आर्मच घ्यावा.

तिन्ही मार्गांना एक गोष्ट समान आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने जितके टायर फुकट गेले असतील तितके कॅम्बरने नक्कीच गेले नसतील. कल बदलला की टो बदलतो. टो म्हणजे वरून पाहिले असता दोन चाकांची तोंडे एकमेकांकडे वळलेली की एकमेकांपासून फाकलेली. टाय रॉडची लांबी तीच राहिली आणि चाक हलले, तर तोंड फिरणारच. किती फिरेल? टाय रॉडचे टोक कलण्याच्या बिजागरीपासून जितके दूर, तितके जास्त. माथा सरकवताना बिजागरी खालच्या बॉल जॉइंटपाशी असते. टाय रॉड त्याच उंचीला असेल तर टो फारसा हलत नाही. आर्म लांब केला तर बिजागरी वर, स्ट्रटच्या माथ्याशी जाते, आणि टो खूप हलतो. दोन अंश कॅम्बर असलेला टायर नीट टोवर पुष्कळ चालतो. चुकीच्या टोवर तो थोड्या आठवड्यांत फरफटून जातो. म्हणून सकाळी ट्रॅकवर प्लेट आत सरकवायची आणि संध्याकाळी घरी जाताना बाहेर, ही सूचना ऐकायला गोड असली तरी, दोन्ही जागी टो किती होतो हे आधी मोजून ठेवल्यावाचून ती अमलात आणू नये.

डबल विशबोनच्या गाड्यांविषयी थोडक्यात. १९८९ च्या मूळ माझदा एमएक्स-५ ला खालच्या आर्मवर कारखान्याचेच कॅम बोल्ट आहेत आणि त्यांची सवड पुष्कळांना पुरते. त्याहून अधिक हवे असल्यास आस बाजूला सरकवलेले बुश किंवा लांब बॉल जॉइंट मिळतात. त्या रचनेला कलाची भूक मुळातच कमी.

गाडी खाली उतरवली की कॅम्बर आपोआप येतो, तेव्हा वेगळे भाग कशाला, असे कोणी विचारील. थोडा येतो हे खरे. पण स्ट्रटच्या गाडीत खालच्या आर्मचे बाहेरचे टोक वर गेले, आणि आर्म व स्ट्रट यांचा काटकोन ओलांडला, की पुढे चाक दबताना आर्म चाकाचे बूड आत ओढू लागतो. उभ्या गाडीत मिळालेला अर्धा अंश वळणात व्याजासकट परत जातो. उंची बेताचीच कमी करावी, आणि कलासाठी कलाचाच भाग घ्यावा.

कायद्याचाही विचार हवा. नॉर्डश्लाइफवर पर्यटकांच्या फेऱ्या चालू असतात तेव्हा तो मार्ग जर्मन कायद्याने टोल घेणारा सार्वजनिक रस्ताच असतो. रहदारीचे नियम तेथे लागू असतात आणि गाडी रस्त्याला पात्र असावी लागते. सस्पेन्शनच्या बदललेल्या भागाला तेथे मान्यतेचे कागद लागतात. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट असे ट्रॅक आहेत. पण पुण्या-मुंबईहून तेथवर गाडी चालवत नेणाऱ्याने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाचून ठेवावे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास त्यात मनाई आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस चाकाखाली वाकून पाहतो, तेव्हा ही चर्चा फार उशिरा झालेली असते.

तर निवड कशी करावी? केमनच्या मालकाने, ती रस्त्यावरही चालवायची असेल तर, प्रथम दोन तुकड्यांचे आर्म घ्यावेत, दोन्ही बाजूंना सारख्या चकत्या घालून दोन अंशांपर्यंत जावे, आणि प्लेटचा विचार अरुंद स्प्रिंग बसवण्याची वेळ येईल तेव्हाच करावा. जीटी ८६ च्या मालकाने एक कॅम बोल्ट घालून एक उन्हाळा काढावा; मग टायरची बाहेरची कड तरीही खात असेल तर रबरासह येणारी प्लेट घ्यावी आणि मधल्या जोडात पुन्हा मूळचे जाड बोल्ट घालावेत. नॉर्डश्लाइफवर गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, तेव्हा डावा टायर जास्त खातो. म्हणून डाव्या चाकाला जास्त कल देण्याची युक्ती कोणी सांगेल. घरी परत जायच्या गाडीला ती देऊ नये, ब्रेक लावताना ती एका बाजूला ओढेल.

भाग बसवल्यावर गाडी जमिनीवर उभी करून, चालकाच्या वजनाइतकी पोती आसनावर ठेवून अलाइनमेंट करावे. रबरी बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेले राहते आणि फाटते. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत आणि टो पुन्हा मोजावा. पहिल्या ट्रॅक-डेला तीन-चार फेऱ्यांनंतर बाजूला थांबून रंगाच्या रेघा पाहाव्यात, टायर मडगार्डला किंवा स्ट्रटला घासल्याची चमकदार खूण आहे का ते हात फिरवून पाहावे, आणि मगच पुढच्या फेरीला निघावे.